एमआयचा ट्रेनर व्हायचं असेल तर आधी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका

"ताई, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या ट्रेनरचं सर्टिफिकेट कुठे मिळतं?" समुपदेशक, नर्सेस, व्यसनमुक्ती केंद्रातले कार्यकर्ते मला हे सतत विचारतात. फोनवर पाच मिनिटांत याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी पुण्यात तंबाखू, दारू आणि मधुमेहाच्या पेशंटशी बोलायचं काम करते, आणि बरीच वर्षं ते इतरांना शिकवतेही. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणजे बदलाची कारणं माणसाच्या स्वतःच्याच तोंडून बाहेर यावीत अशा रीतीने त्याच्याशी बोलण्याची पद्धत. आमच्यात सगळे याला नुसतं एमआय म्हणतात. मराठीतून एमआय चांगलं शिकवणारी माणसं पुण्यात अजून कितीतरी हवी आहेत.

सर्टिफिकेटचं आधी सांगते. एमआय कोणाच्या मालकीचं नाही. ही पद्धत घडवणारे मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी त्याचा ट्रेडमार्क घेतला नाही, शिकवण्यावर बंधनही घातलं नाही. त्यामुळे 'एमआय ट्रेनर' अशी पाटी उद्या सकाळी कोणीही लावू शकतं. अशा वेळी जबाबदारी पूर्णपणे आपल्या अंगावर येते. ट्रेनरांची एक जागतिक संघटना आहे, मिंट, म्हणजे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नेटवर्क ऑफ ट्रेनर्स. नव्या ट्रेनरांसाठीचं पहिलं प्रशिक्षण १९९३ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथे झालं आणि पुढे १९९७ मध्ये मिंट उभी राहिली. तिचं ट्रेनरांसाठीचं प्रशिक्षण साधारण तीन दिवसांचं असतं. ते पूर्ण केलं की संघटनेचं सदस्य होता येतं. पण त्या तीन दिवसांत एमआय शिकवत नाहीत. तुम्हाला एमआय येतंय हे धरूनच पुढे कसं शिकवायचं ते सांगतात. अर्ज करताना तुमच्या कौशल्याची खात्री पटवून द्यावी लागते. अर्जाचे नियम आणि फी बदलत राहतात, तेव्हा संघटनेची ताजी सूचना वाचूनच ठरवा.

मला सांगायचं आहे ते या तीन दिवसांच्या अलीकडचं. तिथे पोचेपर्यंत काय करायचं, आणि तिथे कधीच जाता आलं नाही तरी चांगलं शिकवता यावं यासाठी काय करायचं.

ही पद्धत शिकवतानाच जन्मली

१९८२ मध्ये मिलर नॉर्वेत बर्गनजवळच्या एका दारूमुक्ती दवाखान्यात होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ आपापल्या अवघड पेशंटची भूमिका करायचे आणि मिलर त्यांच्याशी बोलून दाखवायचे. ते तरुण त्यांना मध्येच थांबवत: हाच प्रश्न का विचारलात? त्याच्या बोलण्यातला नेमका हाच धागा का उचललात? आत्ता तुमच्या मनात काय चाललं होतं? त्या उत्तरांतून मिलरना स्वतःच्याच कामामागचं सूत्र हाती लागलं. १९८३ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. पुढे वेल्समध्ये काम करणारे रोलनिक त्यांना भेटले आणि १९९१ मध्ये दोघांचं पुस्तक आलं. २०२३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली.

नॉर्वेतली ही गोष्ट मी प्रत्येक होतकरू ट्रेनरला सांगते, कारण तिच्यात शिकवण्याची अख्खी रीत आहे. करून दाखवायचं, कोणी थांबवलं तर थांबायचं, का केलं ते सांगायचं. स्लाइड्स नंतर.

तुम्हाला येतं, हे कशावरून?

मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या १४० व्यावसायिकांचे त्यांनी गट केले. काहींना नुसतं वर्कशॉप मिळालं. काहींना वर्कशॉपनंतर त्यांच्या रेकॉर्डिंगवर लेखी अभिप्राय मिळाला, काहींना फोनवरून कोचिंग, काहींना दोन्ही. वर्कशॉपनंतर अभिप्राय किंवा कोचिंग मिळालेल्यांचं कौशल्य आणखी वाढलं. मला मात्र त्यातला दुसरा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. लोकांनी स्वतःच्या कौशल्याला दिलेले गुण आणि प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये दिसलेलं कौशल्य यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. म्हणजे 'मला एमआय छान जमतं' असं वाटणं हा पुरावा धरता येत नाही. कान लावून ऐकल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

म्हणून पहिली पायरी रेकॉर्डिंगची. पेशंटची परवानगी घ्या, आणि ती त्याला समजेल अशा मराठीत घ्या. कशासाठी रेकॉर्ड करतोय, कोण ऐकणार, कधी पुसून टाकणार, आणि नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हे सगळं बोलून आणि लिहून द्या. संस्थेची लेखी परवानगी वेगळी घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क पेशंटला दिला आहे. आपल्या शिकण्यासाठी त्याला धक्का लागता कामा नये.

मग बोलण्यातली वीस मिनिटं घ्या आणि शब्द न् शब्द वहीत उतरवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. आपण पेशंटचं वाक्य अर्ध्यावर कुठे तोडतो, 'बरं, बरं' म्हणत कुठे पुढे सरकतो, हे लिहून काढतानाच दिसतं. मी फुलस्केप वहीत डावीकडे संभाषण आणि उजवीकडे खुणा असं लिहिते. आपलं प्रत्येक वाक्य प्रश्न होतं, रिफ्लेक्शन (म्हणजे पेशंटचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याच्यापुढे परत ठेवणं) होतं, माहिती होती, कौतुक होतं की गळी उतरवणं होतं, याची खूण समोर करायची.

मोजायला एमआयटीआय नावाची मोजपट्टी आहे. तीही वीस मिनिटांच्या तुकड्यावरच लावतात. चार गोष्टींना १ ते ५ गुण असतात. पेशंटच्या तोंडून बदलाची भाषा, म्हणजे बदलाच्या बाजूने तो स्वतः जे बोलतो ते, किती फुलवली, न बदलण्याची भाषा किती सौम्य होऊ दिली, भागीदारी किती होती आणि त्याच्या जागी जाऊन समजून घेणं किती होतं. बाकीची वाक्यं मोजायची. एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन असेल तर ठीक, दोन असतील तर चांगलं. एकूण रिफ्लेक्शन्सपैकी ४० टक्के खोल असतील तर ठीक, ५० टक्के असतील तर चांगलं. खोल म्हणजे पेशंटने न उच्चारलेला पण त्याच्या बोलण्यात दडलेला अर्थ पुढे ठेवणारं. या पातळ्या तज्ज्ञांच्या मतावर ठरलेल्या आहेत, तेव्हा त्यांना वेदवाक्य मानू नका. तरी दिशा कळते. आपल्याकडे चांगल्या, कष्टाळू समुपदेशकाच्या वहीतही बहुतेकदा ओळीने प्रश्नच प्रश्न निघतात. आपलं प्रशिक्षणच केस हिस्टरी घेण्याचं झालेलं असतं.

मराठीत एक गोष्ट कानाने पकडावी लागते. "तुम्हाला कंटाळा आलाय का?" हा प्रश्न. "तुम्हाला कंटाळा आलाय." हे रिफ्लेक्शन, आवाज शेवटी खाली आणून म्हटलेलं. शेवटी 'ना' लावून आवाज वर नेलात की समोरचा नुसतं 'हो' म्हणून गप्प बसतो. नवशिक्यांना मी एक आठवडाभर घरातच हे करायला सांगते: मुलाने, सासूबाईंनी, नवऱ्याने काही म्हटलं की प्रश्न न विचारता त्यांचं म्हणणं खालच्या पट्टीत परत म्हणून बघायचं.

एक संवाद, सावकाश

शिकवण्यासाठी मी हा संवाद रचला आहे. रात्रपाळीचा रिक्षावाला, तंबाखूची पुडी, बाह्यरुग्ण विभाग.

"दादा, तंबाखूबद्दल बोलायला आलात."

"आलो म्हणजे, बायकोनं पाठवलं."

"घरच्यांच्या आग्रहामुळे यावं लागलं."

"तसं नाही, मलाबी कळतं. परवा तोंड पुरतं उघडंना. वडापाव खाता येईना."

इथे मी संवाद थांबवते आणि वर्गाला विचारते, तुम्ही आता काय म्हणाला असता? दहातले बरेच जण म्हणतात, "बघा, म्हणूनच सांगतो, ताबडतोब सोडा." मनात माया असते म्हणूनच ते बाहेर पडतं. पण तसं म्हटलं की सोडण्याची बाजू आपण घेतो, आणि रिक्षावाल्याला उरते ती न सोडण्याची बाजू. मग तो तीच लढवतो. त्याऐवजी:

"वडापावसुद्धा खाता येईना, तेव्हा पोटात धस्स झालं."

"व्हय. पण रात्री स्टेशनला लाइनीत उभं राहायचं म्हणजे डोळा लागतो. पुडी लागतेच."

"पुडीवर रात्र निघते, आणि त्याच पुडीनं तोंड आखडत चाललंय."

"पोरगी दहावीला आहे. तिच्यासमोर खात नाही मी."

"तिच्यासाठी तासन्‌तास थांबता. म्हणजे मनावर घेतलं की जमतं तुम्हाला."

"रविवारी घरी असतो तर दोन पुड्यांत अख्खा दिवस जातो."

या संवादावर एक पूर्ण सकाळ घालवता येते. समुपदेशकाने एकही प्रश्न विचारलेला नाही. 'पुडीवर रात्र निघते' या वाक्यात दोन्ही बाजू आहेत, पण शेवट तोंडाच्या त्रासावर आहे. क्रम उलटा केला असता तर रिक्षावाला पुन्हा रात्रपाळीकडे गेला असता. हे वर्गाला दोन्ही क्रमांनी म्हणायला लावा, फरक त्यांनाच ऐकू येतो. 'मलाबी कळतं', 'तिच्यासमोर खात नाही', 'दोन पुड्यांत दिवस जातो' या तीन ठिकाणी बदलाची भाषा आहे, आणि शेवटची तर तो आधीच काय करतोय तेच सांगते. ती ओळखायला शिकवणं हे ट्रेनरचं अर्धं काम. आणखी एक: तोंड उघडत नसेल तर त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी गेलीच पाहिजे. एमआय करता करता वैद्यकीय काम मागे राहू देऊ नका, हे वर्गात ठासून सांगा.

ऐकणाऱ्यांचा गट

एकट्याने शिकणं लवकर थांबतं. पुण्यात समुपदेशकांची कमी नाही. कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून समाजकार्यकर्ते घडवते आहे. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी येरवड्यात सुरू केलं, आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथे इतरांना हात देतात. सरकारी रुग्णालयांत एचआयव्ही, क्षयरोग, तंबाखू यांचे समुपदेशक बसतात. यांतले सहा-सात जण जमवा. आमचा गट महिन्यातल्या एका शनिवारी माझ्याकडे कोथरूडला बसतो. पोहे होतात, चहा होतो, आणि मग एकाचं रेकॉर्डिंग लागतं.

नियम थोडेच ठेवा, पण पाळा. पेशंटचं नाव, गाव, कंपनी सगळं आधीच काढून टाकायचं. ऐकून झालं की फाइल पुसायची. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही पाठवायचं नाही. ज्याचं रेकॉर्डिंग आहे तो पहिल्यांदा बोलणार, बाकीचे नंतर. आणि कोणीही 'तू असं करायला हवं होतंस' म्हणायचं नाही. ऐकलेलं नेमकं वाक्य सांगायचं आणि त्यानंतर पेशंट काय म्हणाला ते सांगायचं. निष्कर्ष ज्याचा तो काढतो.

या गटात तुमच्या बऱ्याच रेकॉर्डिंग्जचे आकडे 'ठीक'च्या वर सातत्याने राहायला लागले, आणि बाहेरच्या एखाद्या अनुभवी व्यक्तीनेही तेच सांगितलं, की शिकवायला हात घाला. त्याआधी एखाद्या ट्रेनरबरोबर सहायक म्हणून जा. छोट्या गटांच्या सरावाला बसायचं, वेळ पाळायची, ऐकलेलं टिपून घ्यायचं. खुर्च्या लावायचं काम मिळालं तरी जा. वर्तुळात बसवलेला वर्ग आणि ओळींत बसवलेला वर्ग यांत माणसं किती वेगळी बोलतात, हे तिथेच कळतं.

वर्गात काय करायचं

माझ्या मते पहिला सराव हाच असावा. जोड्या करा. एकाने स्वतःबद्दल अशी गोष्ट सांगायची, जी बदलावीशी वाटते पण होत नाही: पहाटे उठणं, रात्रीचा मोबाइल, वजन. फार खासगी नको. दुसऱ्याने त्याला जोर लावून पटवायचं. बदल का केला पाहिजे, फायदे काय, कसा करायचा, आणि शेवटी 'करच'. पाच मिनिटांत खोलीत आवाज चढतो. मग त्याच जोडीत दुसरा प्रकार. आता फक्त विचारायचं: हा बदल तुम्हाला का करावासा वाटतो? केलाच तर कसा कराल, म्हणजे जमेल? करण्याची तीन मोठी कारणं कोणती? तुमच्यासाठी हे किती महत्त्वाचं आहे, आणि का? मग ऐकलेलं थोडक्यात परत सांगायचं आणि विचारायचं, "मग आता काय करावंसं वाटतंय?" त्यानंतर बोलणाऱ्यांना विचारा, पहिल्या वेळी कसं वाटलं, दुसऱ्या वेळी कसं. उत्तरं फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहा. एमआय म्हणजे काय याची व्याख्या त्या फळ्यावर तयार होते.

नाटकातल्यासारखे खोटे पेशंट उभे करण्यापेक्षा हा खरा विषय घेऊन केलेला सराव कितीतरी चांगला. खोटा पेशंट बहुतेक वेळा आपल्या नोकरीतल्या सगळ्यांत हट्टी माणसाची नक्कल करतो आणि सराव तिथेच अडकतो.

रिफ्लेक्शनसाठी बॅटिंग प्रॅक्टिस नावाचा सराव आहे. ट्रेनर एकामागून एक वाक्यं टाकतो, समोरचा प्रत्येकावर फक्त रिफ्लेक्शन देतो. वाक्यं पुण्यातल्या ओपीडीतली घ्या, परदेशी पुस्तकातली नकोत. माझ्या वहीतली काही देते. "मिश्री सोडली की सकाळी पोटच साफ होत नाही." "चाला म्हणतात, पण आमच्या रस्त्याला फुटपाथ आहे कुठे?" "गणपतीत मोदक नाही खायचा, मग सण कसला?" "इन्सुलिन चालू झालं म्हणजे संपलं, आमच्या मेव्हण्याचा पाय काढला." "पितो, पण कामावर एक खाडा नाही माझा." मिश्रीच्या वाक्यावर चांगलं रिफ्लेक्शन असं येऊ शकतं: "सोडून बघितलीये तुम्ही, पण सकाळचं सगळं गणित बिघडलं." इन्सुलिनवरच्या वाक्यामागे भीती आहे. ती न ओळखता कोणी 'तसं काही नसतं' म्हणालं तर तिथे थांबा.

बदलाची भाषा ओळखायला मी टेबल वाजवायला सांगते. एक जण बोलतो आणि ऐकणाऱ्यांना जिथे इच्छा, क्षमता, कारण, गरज, निश्चय किंवा टाकलेलं पाऊल ऐकू येईल, तिथे ते टेबल वाजवतात. वाक्य जितकं पक्कं, तितका जोर. दोन-तीन फेऱ्यांत कान तयार होतात.

आपल्याकडचे दोन प्रसंग इंग्रजी साहित्यात फारसे सापडत नाहीत आणि ते तुम्हालाच वर्गात आणावे लागतील. पहिला: "ताई, तुम्हीच सांगा मी काय करू." वयाने मोठे काका पंचविशीतल्या समुपदेशकाला असं विचारतात आणि त्यात त्यांचा विश्वास असतो. तिथे गप्प राहणं उद्धटपणाचं दिसतं. अशा वेळी आधी विचारायचं की त्यांना काय माहीत आहे, मग परवानगी घेऊन थोडी, नेमकी माहिती द्यायची, मग पुन्हा विचारायचं, "काका, यातलं तुमच्या घरी काय जमण्यासारखं आहे?" सल्ला द्यायचा नाही असा एमआयमध्ये नियम नाही. परवानगी घेऊन आणि निर्णय त्यांच्या हाती ठेवून द्यायचा, एवढंच.

दुसरा प्रसंग घरच्या माणसाचा. पेशंटला विचारलं की बायको किंवा मुलगा उत्तर देतो. "काही ऐकत नाहीत हो ते." यासाठी तीन खुर्च्यांचा सराव ठेवा. समुपदेशकाने आधी वहिनींचं दुखणं एका वाक्यात ओळखून सांगायचं, "इतकी वर्षं काळजी वाहून तुम्ही थकलात," आणि मग नजर पेशंटकडे वळवायची. वहिनींना बाहेर घालवून हा प्रश्न सुटत नाही.

वर्गातला विरोध

ट्रेनरची खरी परीक्षा इथे होते. कोणी ज्येष्ठ डॉक्टर हात वर करून म्हणतात, "हे सगळं तिकडच्या लोकांसाठी. आपल्या पेशंटला ठणकावून सांगावंच लागतं, आणि आमच्याकडे माणशी चार मिनिटं असतात." तुमच्याकडे उत्तरं तयार असतात. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी दारू घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी एमआयचा आधार घेऊन थोडक्या सेशन्सचं काम केलं, त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, हे तुम्हाला ठाऊक असतं. ते लगेच तोंडावर फेकू नका. फेकलंत तर सबंध वर्ग बघतो की हा माणूस शिकवतो एक आणि करतो दुसरं.

म्हणा, "चार मिनिटांत पेशंटचं भलं व्हावं ही तुमची तळमळ आहे, आणि नवीन पद्धतीत ती चार मिनिटंही वाया जातील अशी शंका वाटते." मग थांबा. ते आणखी बोलतील. मग विचारा, "ठणकावून सांगितल्यावर कोणते पेशंट ऐकतात, आणि कोणते परत तसेच येतात?" त्या परत येणाऱ्यांबद्दल डॉक्टर स्वतःच बोलायला लागतात. मग परवानगी घ्या, "गोव्यात एक काम झालंय, सांगू का?" पटो न पटो, सबंध वर्गाने त्या दोन मिनिटांत एमआय पाहिलेलं असतं. माझ्या दृष्टीने ट्रेनर होणं म्हणजे हेच. शिकणाऱ्याचा संकोच, शंका, विरोध यांच्याशी आपण तसंच बोलायचं, जसं त्याने पेशंटशी बोलावं असं आपल्याला वाटतं.

संस्थेशी बोलणी

संस्था बहुधा अर्ध्या दिवसाचं व्याख्यान मागतात, आणि सभागृह मोठं असेल तर शंभर माणसं बसवतात. नाही म्हणायची गरज नाही, पण अर्ध्या दिवसात ओळख होईल, कौशल्य येणार नाही, हे प्रस्तावातच लिहून द्या. कौशल्य हवं असेल तर मी दोन दिवस, वीसच्या आसपास माणसं आणि त्यानंतर सहा महिन्यांचा पाठपुरावा मागते. २०१४ मध्ये निरनिराळे अभ्यास एकत्र तपासून असं दिसलं की वर्कशॉपनंतर सहा महिन्यांत तीन-चार वेळा अभिप्राय किंवा कोचिंग मिळालं तर कौशल्य टिकतं, नाहीतर ते ओसरत जातं. हा मुद्दा प्रशासनाला चटकन समजतो, कारण तो पैसे वाया न जाण्याचा मुद्दा आहे. पाठपुराव्याचे पैसे पहिल्याच बिलात धरा. नंतर मागायला गेलात की ते बाजूला पडतात. आशाताई किंवा छोट्या संस्थांसाठी मी पाठपुरावा फोनवर करते आणि पैसे कमी घेते. तुम्ही तुमचं ठरवा, पण पाठपुरावा गाळून वर्कशॉप विकू नका.

कुठे शिकवायचं नाही, हेही ठरवलेलं असावं. एखाद्याचा निर्णय कोणत्या बाजूला जावा यात आपला किंवा संस्थेचा स्वार्थ असेल, तर त्याला तिकडे वळवायला एमआय वापरणं चूक आहे. मूत्रपिंड दान करायचं का, संशोधनात भाग घ्यायचा का, नसबंदी करायची का, अशा निर्णयांत समुपदेशकाने मध्यावर उभं राहायचं. कोणी उद्दिष्टं पूर्ण करायला बायकांना पटवण्यासाठी प्रशिक्षण मागितलं तर ते घेऊ नका. आणि दारूच्या विषयावर शिकवताना, रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय 'आजपासून बंद' याला दुजोरा द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

पहिली रेकॉर्डिंग्ज आली की

पाठपुराव्यात महिन्याभराने रेकॉर्डिंग्ज येऊ लागतात. ती पाठवायला माणसाला धीर लागतो, म्हणून उत्तर दोन दिवसांत द्या. आधी पूर्ण ऐका, मग मोजा. अभिप्रायात एक जागा अशी सांगा जिथे त्याच्या वाक्यानंतर पेशंट स्वतःहून पुढे बोलला, आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहा. मग आकडे द्या आणि विचारा, पुढच्या वेळी यातलं काय हलवून बघावंसं वाटतं? एकच गोष्ट निवडू द्या. सगळे आकडे एकदम सुधारायला गेलं की माणूस पेशंटकडे बघायचं सोडून स्वतःच्याच वाक्यांकडे बघायला लागतो. एखादीच्या वीस मिनिटांत तीसेक प्रश्न आणि दोनच रिफ्लेक्शन्स असतील, तर तिला पुढच्या वेळी फक्त पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न न विचारता बसून बघायला सांगा.

स्वतः पेशंट बघणं मात्र थांबवू नका, आठवड्यातले थोडे तास का होईना. शिकवायला लागल्यावर आपली जुनी उदाहरणं गुळगुळीत होत जातात आणि वर्गाला ते कळतं. आमच्या शनिवारच्या गटात वर्कशॉप घेणाऱ्यांनीही आपलं ताजं रेकॉर्डिंग पाळीपाळीने आणायचं असतं, आणि त्याला खुणा करायचं काम गटातल्या सगळ्यांत नव्या माणसाकडे असतं.